पूर्वपक्षाला न्याय देणारा निबंध

‘१९८२ च्या संपामुळेच मुंबईच्या कापड गिरण्या बंद पडल्या’ हे विधान एम.ए.च्या निबंधांत दरवर्षी कोणीतरी ठामपणे करतेच. पण ते निबंधाची प्रतिज्ञा म्हणून मांडले की सिद्ध करण्याची जबाबदारीही येते आणि बहुतेक जण तिथे घटनांची जंत्री देऊन मोकळे होतात. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, हे सर्व खरे. परंतु आधी संप झाला आणि मग गिरण्या बंद पडल्या, एवढ्यावरून कार्यकारणभाव ठरत नाही.

न्यायशास्त्रातील अन्वय-व्यतिरेकाची कसोटी येथे उपयोगी पडते. जेथे संप तेथे गिरणी बंद, हा अन्वय. जेथे संप नाही तेथे गिरणी चालू, हा व्यतिरेक, आणि या दुसऱ्या पायरीवरच विधान अडखळते, कारण मुंबईसारखा संप झालेला नसतानाही अहमदाबादच्या कित्येक गिरण्या ऐंशीच्या दशकात बंद पडल्या. त्यात भर म्हणजे आजारी गिरण्या चालवण्यासाठी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ १९६८ मध्येच स्थापन झाले होते, म्हणजे दुखणे संपाआधीचेच होते. जुनी यंत्रे आणि भिवंडीसारख्या ठिकाणचे यंत्रमाग यांचाही विचार करावा लागतो.

हा झाला पूर्वपक्ष, म्हणजे आपल्या प्रतिज्ञेविरुद्धची बाजू. तो निबंधाच्या शेवटी ‘काही जण असेही म्हणतात’ अशा एका ओळीत उरकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. विरोधकाने स्वतः मांडला असता तितक्याच ताकदीने तो मांडला, तर आपल्या प्रतिज्ञेतील ‘मुळेच’ टिकत नाही हे लेखकाच्या आपोआप लक्षात येते आणि प्रतिज्ञा आटोपशीर होते: आधीच सुरू झालेली घसरण संपाने वेगवान केली. आता पुराव्याचा शोधही नेमका होतो, कारण वेग दाखवण्यासाठी संपापूर्वीच्या आणि नंतरच्या वर्षांतील कामगारसंख्या व उत्पादन यांची तुलना करावी लागते, तीही शक्यतो अहमदाबादशी.

लालबाग-परळचे विद्यार्थी अनेकदा आजोबांच्या आठवणी देतात. त्या अवश्य द्याव्यात. पगार थांबल्यावर घर कसे चालले, याचा त्यांच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. मात्र मालकांनी गिरणी का बंद केली, हे त्या आठवणींवरून ठरवता येत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट मोकळी केली, हा मुद्दा तर स्वतंत्र निबंधाचा आहे. तो येथे ओढून आणला की दोन्ही युक्तिवाद लुळे पडतात.

राहता राहिली भाषा. ‘निःसंशय’, ‘अर्थातच’, ‘सर्वांना ठाऊक आहे की’ हे शब्द दिसले की मी त्यांखाली रेघ ओढतो, कारण बहुधा नेमका तिथलाच पुरावा गाळलेला असतो.