काडतूसवाली रेप्लिका आणि वडिलांचं नाव

टेक्सासात राहून कोल्टच्या जुन्या १८५१ नेव्ही रिव्हॉल्व्हरची पर्कशनवाली रेप्लिका (नवी नक्कल) घेतली होती, दारू-गोळी वेगळी भरायची, मागे कॅप बसवायची, ती सरळ घरी पार्सलने आली, ना फॉर्म ना चौकशी. मग उबेर्ती या नकला बनवणाऱ्या इटालियन कंपनीची कन्व्हर्जन घ्यायचं डोक्यात आलं, तीच नेव्ही पण ३८ स्पेशलचं काडतूस घेणारी. मागून काडतूस भरायच्या आरपार भोकांच्या सिलिंडरचं रोलिन व्हाइटचं पेटंट १८६९ला संपल्यावर कोल्टने जुनी पर्कशन मॉडेलं अशीच काडतुसांवर आणली, कंपनीतल्याच रिचर्ड्स आणि मेसनची डिझाइनं.

आता गंमत बघा. १८७२ची अस्सल कन्व्हर्जन सापडली तर ती १८९८च्या आतली म्हणून फेडरल कायद्यात अँटिक, फॉर्म नाही. पर्कशनची नवी नक्कल, तीही अँटिक. पण काडतूसवाली नवी नक्कल दुकानातून घ्यायची तर फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म, आणि बॅकग्राउंड चेक!

ऑर्डर, पैसे, काही त्रास नाही. अडलं ते काउंटरवर. फॉर्ममध्ये मधलं नाव पूर्ण लिहायचं असतं, आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं, ग्रीन कार्डवर पूर्ण आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं एक अक्षर. काउंटरवरचा पोरगा म्हणे लायसन्सवर जसं आहे तसंच लिहा, पुढे ‘आयओ’ टाका, म्हणजे इनिशियल ओन्ली. अरे पण ते ज्याचं कायदेशीर नावच एक अक्षर आहे त्याच्यासाठी, माझ्या बापाला पूर्ण नाव आहे! मॅनेजर आला, तोही तेच, आधी लायसन्स दुरुस्त करून आणा म्हणे. शेवटी फॉर्मच्याच सूचनांचं पान त्यांच्यासमोर वाचून दाखवलं तेव्हा कुठे गाडी हलली. (एच-वन-बीवाल्यांनो, तुम्हाला आधी हंटिंग लायसन्स लागेल, नाहीतर नियमात बसतच नाही.) मग चेकचं उत्तर ‘डिलेड’. तीन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर डीलर फेडरल कायद्याने माल देऊ शकतो, पण या दुकानाची पॉलिसी वेगळी, ‘प्रोसीड’, म्हणजे चेकची मंजुरी, येईपर्यंत थांबा. पैसे माझे, पिस्तूल त्यांच्या कपाटात, फोन केला की ‘आला की कळवतो’.

आलं एकदाचं. हां, ग्रीन कार्ड सोबत न्याच, त्यावरचा ए-नंबर (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) लिहावा लागतो, आणि लायसन्सवर सध्याचा पत्ता हवा. दरवेळी डिलेड येत असेल तर एफबीआयच्या व्हॉलंटरी अपील फाइलसाठी अर्ज करा (ते आपली माहिती ठेवून घेतात, म्हणजे पुढचे चेक अडू नयेत), बोटांचे ठसे द्यावे लागतात, मंजूर झालं की यूपिन, म्हणजे आपला वैयक्तिक ओळख क्रमांक, मिळतो तो पुढच्या फॉर्मवर टाकायचा. मी अर्ज टाकलाय, कारण आता कोल्टच्याच १८६० आर्मी मॉडेलची कन्व्हर्जन घ्यायचीये, अर्थात दुसऱ्या दुकानातून.