भट्टी कुठाय?

अथेन्सच्या प्राचीन अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, शिरलं की टेकडीवर हेफेस्टसचं देऊळ दिसतं. तिथली गाइड इंग्रजीत सांगते, टूर मॅनेजर म्हणून मी मराठीत. इतक्या वेळा सांगितलंय की तोंडाला विचार करावा लागत नाही: 34 खांब, पेंटेली डोंगराचा संगमरवर, काम सुरू झालं इ.स.पू. 449च्या सुमारास. पुढे कित्येक शतकं त्याचं चर्च होतं, म्हणून टिकलं. हेफेस्टस म्हणजे देवांचा लोहार, पायानं अधू, जन्मदात्या हेरानंच स्वर्गातून फेकून दिलेला.

त्या दिवशी कोल्हापूरचे एक काका होते. उभा जन्म फाउंड्रीत गेलेला.

"साहेब, लोहाराचं देऊळ म्हणताय, मग भट्टी कुठाय?"

ग्रुप हसला. मीही हसतच प्रश्न गाइडच्या कानावर घातला. ती मात्र हसली नाही. ब्राँझ ओतणाऱ्यांची वस्ती याच टेकडीच्या आजूबाजूला होती, म्हणाली, आणि ठरलेला रस्ता सोडून आम्हाला थेट अगोराच्या म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथं मातीचा एक साचा आहे, तुकडे जुळवून उभा केलेला. टेकडीच्या पायथ्याशी, अपोलोच्या देवळाजवळच्या ओतकामाच्या खड्ड्यात सापडला. अडीच हजार वर्षांहून जुना. मी त्याच्यासमोरून दरवेळी नुसता चालत गेलो होतो.

काका उकिडवे बसले. "आत गाभा, वर मेण, मेणावर माती. तापवून मेण काढायचं, त्या पोकळीत रस सोडायचा. हवेला वाट ठेवली न्हाई तर काम फुकट."

"काय म्हणताहेत?" गाइडनं विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी उलट्या दिशेनं भाषांतर केलं. घाम फुटला. 'गाभा'ला इंग्रजी शब्द काकांनीच पुरवला, कोअर!

बसमध्ये मी त्यांना इलियड या ग्रीक महाकाव्यातला प्रसंग सांगितला. समुद्रदेवी थेटिस आपल्या मुलासाठी चिलखत मागायला येते, तेव्हा हेफेस्टस भाते बाजूला सारतो, हत्यारं चांदीच्या पेटीत ठेवतो, स्पंजानं तोंड, हात, मान, केसाळ छाती पुसतो, अंगरखा चढवतो, मगच पाहुणीसमोर येतो.

"बरोबर हाय," काका म्हणाले. "भट्टीवरनं उठून तसंच कुणाम्होरं जायचं नसतं."

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "तर! आणि जेवायला कसं बसत होता, ते सांगा की त्यास्नी."