गोव्यात गाडीला हीटर कशाला म्हणणाऱ्यांत मीही होतो

माझ्याकडे 1960 ची फोक्सवॅगन कारमन घिया आहे. पोर्तुगीज अमदानीत मडगावात आलेली, आता फोंड्याला आमच्या पडवीत उभी असते. दिसायला स्पोर्ट्स कार, डिझाइन इटलीच्या घियाचं, बॉडी ऑस्नाब्रुकच्या कारमनची, पण खाली सगळा बीटलचा सांगाडा, त्यामुळे रुबाब खूप आणि चढावर स्कूटरवाला हात दाखवून पुढे जातो. आधीच्या मालकाने मूळ 1192 सीसीचं इंजिन काढून नंतरच्या काळातलं 1300 चं बसवलंय.

तर प्रॉब्लेम असा, की एप्रिल-मे मध्ये पायाशी भट्टी. गियरजवळचा गोल नॉब पूर्ण बंद असला तरी गरम हवा येतच राहायची आणि तिच्यासोबत करपलेल्या ऑइलचा वास. या गाडीत रेडिएटरच नाही, मग हीटरला गरम पाणी आणणार कुठून? म्हणून सिलेंडर थंड करणारा जो पंखा आहे त्याचीच थोडी हवा दोन होजमधून खाली नेतात, तिथे एक्झॉस्टच्या पाईपवर पत्र्याचे डबे चढवलेले असतात, त्यांत ती तापते आणि दाराखालच्या पोकळ चॅनलमधून पायाशी आणि पुढच्या काचेवर येते. माझ्या डब्यांचे, नॉबने उघडबंद होणारे फ्लॅप गंजून अर्धे उघडेच अडकलेले, वरून टॅपेट कव्हरचं ऑइल थेट डब्यांवर ठिबकत होतं, वास त्याचाच. होजही फाटलेले, म्हणजे सिलेंडरला मिळायची ती हवा फुकट बाहेर.

म्हापशाच्या मेस्तांकडे नेली. ते खाली वाकून बघतच म्हणाले, "गोंयांत हीटर कित्याक जाय रे तुका? काडून उडय!" मलाही पटलं. डबे काढून त्या जागी इंग्रजी J च्या आकाराचे साधे पाईप लावायचे, फॅन हाऊसिंगच्या दोन्ही तोंडांना घट्ट झाकणं मारायची म्हणजे सगळी हवा इंजिनलाच, आणि चॅनलची तोंडं बंद करायची. सांगायला दोन तासांचं काम, लागले चार दिवस, कारण सायलेन्सर उतरवताना हेडमधला एक स्टड तुटला. समुद्राची हवा, साठ वर्षांचा गंज, गॅसने तापवून, ऑइल पाजून, शिव्या देऊन शेवटी ड्रिल करून काढला आणि हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, मारली. तुम्ही करणार असाल तर नट सोडवायच्या आधी दोन-तीन दिवस रोज गंजाचं ऑइल मारा, घाई करू नका, मी केली.

मे महिना मस्त गेला. पाय थंड, वास नाही, मी सगळ्यांना सांगत सुटलो.

मग जुलै. बेळगावला एका लग्नाला निघालो, साखळी, केरी करत चोर्ला घाट. घाटात शिरलो आणि पुढची काच आतून पांढरी. बाहेर धो धो पाऊस, धुकं, आत आम्ही तिघं ओल्या कपड्यांत, वायपर तर नुसते आळस दिल्यासारखे फिरणारे. बायको पंचाने काच पुसतेय, पुसली की पुढच्या वळणाला परत तेच. काच खाली करावी तर पाऊस मांडीवर, बंद करावी तर समोरचा ट्रक दिसेना. मागून आई म्हणाली, "अरे ती गरम हवा होती ना याच्यात, ती लाव की." लाव की! ती पडवीत पोत्यात बांधून ठेवली होती.

आल्यावर आधी वाटलं, छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर लावू, झंझट नको. पण ही गाडी 6 व्होल्टची, मार्केटमधली बहुतेक वस्तू 12 ची, आणि हेडलाइट लावले की डायनामो तसाच रडतो. म्हणजे परत मूळ पद्धतच. पोतं सोडलं, अंधारात डब्यातल्या एक्झॉस्ट पाईपच्या आत बल्ब घातला तर एका ठिकाणी टाचणीएवढा उजेड. खरी भीती मला तिथे वाटली. त्या भोकातून एक्झॉस्टचा धूर सरळ केबिनमध्ये जाणार, आणि कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, ऑइलचा वास आला ते एका अर्थी बरंच म्हणायचं. वेल्डिंग करून घे असं दोघांनी सांगितलं, मी नाही केलं, नवे डबे बाहेरून मागवले. किंमत लिहीत नाही, घरचे वाचतात.

या वेळी थोडा बदल केला. पायाशी हवा सोडणारी तोंडं आतून रबरी बुचांनी बंद केली, म्हणजे सगळी हवा काचेकडे. टॅपेट कव्हरचे गॅस्केट नवे. नॉबची केबल नवी, भरपूर ग्रीस लावून ओढली. होजसाठी किचन चिमणीचा पाईप घेतला होता, तो मोठा पडला, मग नीट मापाचा अॅल्युमिनियमचा शोधावा लागला. एका बाजूचं चॅनल गंजून चाळण झालं होतं, ते कापून पत्रा लावला, त्याची वेगळी कथा आहे. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म, याला पर्याय नाही.

उन्हाळ्यासाठी लेथवाल्याकडून दोन गोल चकत्या कापून घेतल्या, डबा आणि चॅनल यांच्यामधल्या होजमध्ये बसतात, फ्लॅपमधून गळणारी हवाही तिथेच अडते. शिगम्याला घालतो, मृगाला काढतो.

ऑगस्टात परत चोर्ला. चढताना सेकंड गियरमध्ये इंजिन ओरडत असतं, पंखा जोरात, काच खालून वर हळूहळू साफ होत जाते, बघायला मजा येते. उतारावर पाय काढला की हवा मंदावते आणि कोपरे परत धूसर, तिथे अजून पंचाच लागतो. मेस्तांना सांगितलं तर म्हणाले, "हांवें तुका सांगिल्लें न्हू, काडूं नाका म्हणून."