स्लाइड पॉझिटिव्ह आली, पण ताप कशाचा?

पीएचडीची पहिली दोन वर्षं माझं वेळापत्रक एका परजीवीच्या हातात होतं. हिवतापाचा सगळ्यात घातक प्रकार देणारा फॅल्सिपेरम तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, ती फोडून बाहेर पडतो आणि पुढची पेशी गाठतो. हा फेरा ४८ तासांचा. त्याला रविवार नसतो. १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी तो प्रयोगशाळेत सलग वाढवून दाखवला, तेही बंद भांड्यात मेणबत्ती पेटवून. ज्योत विझेपर्यंत आतला ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तेच त्याला मानवतं. आमच्याकडे मेणबत्तीऐवजी गॅसचा सिलिंडर होता. तरी एकदा कल्चरला बुरशी लागली आणि सगळं फेकावं लागलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, अजून त्रास होतो.

खरं शिक्षण झालं ते मायक्रोस्कोपवर. आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ स्लाइड माझ्यापुढे सरकवायचे आणि गप्प बसायचे. पातळ स्मीअरमध्ये, म्हणजे काचेवर पातळ पसरलेल्या रक्तात, तांबडी पेशी शाबूत राहते. तिच्यात परजीवी म्हणजे निळसर नाजूक अंगठी आणि तिच्यावर लाल खडा. जाड थेंबात तांबड्या पेशी फुटून जातात, उरतात फक्त परजीवी आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं. तिथे गिम्साच्या, म्हणजे स्लाइड रंगवायच्या रंगाचा गाळसुद्धा परजीवीसारखा दिसतो. "फोकस वर-खाली करा मॅडम," ते म्हणायचे, "कचरा चमकतो, परजीवी चमकत नाही." रंगाच्या पाण्याचा पीएच ७.२ च्या खाली घसरला तर खडा नीट लाल उतरत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी दिसले, त्यावरून रक्तातलं प्रमाण काढायचं. पण निगेटिव्ह म्हणण्याआधी जाड थेंबाची १०० फील्डं, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारे तेवढे तुकडे, पाहायची. पॉझिटिव्ह पटकन लिहिता येतं, निगेटिव्ह लिहायला धीर लागतो.

मग मुलांचे नमुने हवे होते, म्हणून नैतिकता समितीपुढे गेले. प्रत्येक मुलाचं ५ मिली रक्त घेणार, असं मी सरळ लिहिलं होतं. थोडं पुढच्या तपासण्यांसाठी राखून ठेवू, असा विचार. समितीतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "आठ किलोच्या बाळात एकूण रक्त किती असतं?" साधारण ६४० मिली, मी मनातल्या मनात गुणाकार करून सांगितलं. "आणि हिमोग्लोबिन ५ वर आलं असेल तर?" हिवताप लहान मुलांना मारतो त्यातला एक मोठा रस्ता पंडुरोगाचाच, आणि मी त्याच मुलांचं रक्त 'राखून' ठेवायला निघाले होते! खाली मान घालून २ मिली केलं. संमतीपत्र चार वेळा लिहिलं. चौथ्या वेळी ते आईला वाचून दाखवता येईल अशा भाषेत आलं.

विषय फिरला तो एका दीड वर्षाच्या मुलीमुळे. स्लाइड पॉझिटिव्ह, पण परजीवी तुरळक. औषध सुरू झालं, दुसऱ्या दिवशीची स्लाइड स्वच्छ, ताप मात्र तसाच. तिसऱ्या दिवशी ब्लड कल्चरच्या बाटलीत, म्हणजे रक्तातले जीवाणू वाढवून पाहतात त्या बाटलीत, साल्मोनेला हा जीवाणू वाढला. सतत डास चावणाऱ्या भागात कितीतरी मुलं परजीवी रक्तात बाळगून हिंडत-फिरत असतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. अशा मुलाला दुसराच संसर्ग झाला तरी स्लाइड पॉझिटिव्हच येणार आणि सगळे तिथेच थांबणार. हिवतापाच्या झटपट चाचणीवर विसंबावं तर ती बरं झाल्यावरही कित्येक दिवस पॉझिटिव्ह राहू शकते.

त्या आठवड्यात मलावीतला २००४ चा अभ्यास पुन्हा काढला. मेंदूचा हिवताप म्हणून दगावलेल्या ३१ मुलांच्या शवविच्छेदनात ७ जणांच्या मृत्यूचं कारण वेगळंच निघालं होतं. जिवंतपणी फरक सांगणारी खूण एकच होती, डोळ्याच्या पडद्यावरचे बदल. गाइडना म्हटलं, प्रश्न बदलायचाय : परजीवी आहे का, हा नाही, ताप त्याचाच आहे का, हा. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तिसरा चॅप्टर नव्याने." तो एक चॅप्टर लिहायला दीड वर्ष गेलं.

पुढची अडचण पैशांची. हिवतापाच्या निधीतून ब्लड कल्चरच्या बाटल्या घेता येईनात. त्या 'विषयाबाहेर' ठरल्या. दुसरीकडे अर्ज केला तर ते म्हणाले, यात हिवताप फार आहे. दरम्यान २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापाच्या पहिल्या लशीची शिफारस केली, २०२३ मध्ये दुसरीची. हिवताप कमी झाल्यावर उरलेले ताप कशाचे, हे विचारायला आता निमित्त मिळालं. मी तोच प्रस्ताव पुन्हा पाठवला. शीर्षकात 'बालकांमधील तापाची कारणे' होतं, ते खोडून 'हिवताप-पॉझिटिव्ह बालकांमधील जंतुसंसर्ग' केलं. बाटल्या तेवढ्याच, मुलंही तीच. मंजूर झाला.