ब्लॅकबेरीवर तांबेरा आलाय? फवारणीआधी पान उलटं करून बघा

आपल्याकडे पुण्यात तांबेरा, म्हणजे पानांवर गंजासारखी पूड आणणारा बुरशीचा रोग, म्हटलं की गहू नाहीतर पुरंदरचं अंजीर. पण सध्या माझ्या डोक्यात ब्लॅकबेरी आहे, कारण मिशिगनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या परसातल्या झाडावर तांबेरा आलाय आणि ती व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विचारतेय, काय मारू? मावशी मूळची सासवडची, ती कोथरूडमधून फोनवर सांगते बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मार, पडलेली पानं जाळ. अंजिराला ते बरोबरच आहे, पुढच्या बहाराला झाड परत उभं राहतं.

पण ताईच्या फोटोत पानाची खालची बाजू भगव्या, मेणचट फोडांनी गच्च भरलीय, बोट लावलं की पूड बोटाला येते म्हणाली, नवे फुटवे बारीक, फिकट, झुपक्याने आलेत आणि फुलाचा पत्ता नाही. हा ऑरेंज रस्ट, म्हणजे भगवा तांबेरा. ही बुरशी पानापुरती थांबत नाही, खोडात-मुळात शिरते आणि झाड आहे तोवर आतच राहते, फवारून निघत नाही. नंतर उन्हाळ्यात पानं हिरवी दिसायला लागतात, आपल्याला वाटतं सुटलो, आणि पुढच्या वसंतात परत तेच. झाड मरत नाही म्हणून उपटवत नाही, मला ताईची तगमग कळते, पण फळ जवळपास धरतच नाही आणि बीजाणू, म्हणजे ती भगवी पूड, वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात.

दुसरा एक तांबेरा असतो, लिंबासारखा पिवळा, तो ब्लॅकबेरीच्या जुन्या काठ्यांच्या (लांब खोडांच्या) सालीला चिरा पाडून बाहेर येतो. ऑरेंज रस्टचे फोड काठीवर नसतात, म्हणून पानासोबत काठी पण बघा. पिवळा असेल तर झाड वाचतं, फळं झाली की जुन्या काठ्या जमिनीलगत कापून बाहेर काढायच्या, झाडात हवा खेळू द्यायची.

(तांबेऱ्याची ताकद बघा, रान माजवणाऱ्या ब्लॅकबेरीला आवरायला ऑस्ट्रेलियात १९९१ साली आणखी एका जातीचा तांबेरा रीतसर परवानगीने सोडला होता.)

ताईला सांगितलंय, आणखी फोड फुटायच्या आत झाडावर मोठी पिशवी घाल आणि मुळासकट खणून काढ, एक मूळ राहिलं तरी त्याची फूट रोगीच येणार. कुंपणापलीकडची रानटी ब्लॅकबेरी पण बघ. त्या जागी रेड रास्पबेरी लाव, तिला ऑरेंज रस्ट होत नाही, आणि ब्लॅकबेरीच हवी असेल तर खात्रीच्या नर्सरीतलं रोगमुक्त रोप घे, ओळखीतल्या कुणी प्रेमाने दिलेली फूट नको.