साम्रदच्या शेतातून टिपलेला अश्वमुख तेजोमेघ

पौष अमावास्येला लागून आलेल्या दोन रात्री आम्ही तिघांनी भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावी एका शेतात काढल्या, त्या मृग नक्षत्रातील अश्वमुख तेजोमेघासाठी. विल्यमिना फ्लेमिंग यांना 1888 साली हार्वर्डच्या छायाचित्रात आढळलेला हा धुळीचा ढग त्रिकांड बाणाच्या पूर्व टोकावरील अल्निटाक या ठळक ताऱ्यापासून जेमतेम अर्धा अंश दक्षिणेला आहे, आणि सारी अडचण त्या अर्ध्या अंशाची आहे.

पहिली रात्र वाया गेली. 80 मिमी व्यासाच्या, 400 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीतून घेतलेल्या प्रत्येक चित्रात अल्निटाकभोवती फिकट तबकडी उमटली होती आणि घोड्याचे डोके नेमके तिच्या कडेशी आले होते. दोष ताऱ्याचा नव्हता. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरून परतलेला प्रकाश त्याच्या पुढच्या फिल्टरवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो. फिल्टर 20 मिमी पुढे असेल, तर त्या प्रकाशाला 40 मिमी जादा प्रवास घडतो आणि एफ/5 (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या) दुर्बिणीत त्याची 8 मिमी व्यासाची तबकडी होते. त्रिज्या 4 मिमी, आणि आकाशातला अर्धा अंश सेन्सरवर साधारण साडेतीन मिमी! हे गणित घरीच करायला हवे होते. दुसऱ्या रात्री मित्राकडचा, परावर्तनरोधक लेप चांगला असलेला फिल्टर लावला आणि तबकडी जवळजवळ नाहीशी झाली.

तबकडीला कड नसेल आणि धूसरपणा चित्रागणिक वाढत असेल, तर मात्र आधी भिंगावर दव साचले आहे का ते पाहावे. भिंगाभोवती गुंडाळायचा हीटरचा पट्टा दव दिसल्यावर नव्हे, तर दुर्बिणीचे झाकण काढतानाच सुरू करावा.

120 सेकंदांच्या 70 चित्रांखेरीज आम्ही 10 सेकंदांची 30 चित्रे घेतली, ती केवळ अल्निटाक आणि त्याला खेटून असलेला ज्वाला तेजोमेघ यांचा, लांब चित्रांत फार उजळून जाणारा भाग नंतर जोडण्यासाठी. मूळ कॅमेऱ्यातील फिल्टर हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, त्यामुळे तो फिल्टर बदलून घेतलेला कॅमेरा असल्यास तोच न्यावा.

जानेवारीच्या मध्यास अल्निटाक रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वांत उंच, क्षितिजापासून 69 अंशांवर येतो. दुर्बिणीच्या आधाराचा आस ज्याच्याकडे रोखावा लागतो तो ध्रुवतारा मात्र येथे साडेएकोणीस अंशांवरच असल्याने उत्तरेला डोंगर आड येणार नाही अशी जागा उजेड असतानाच हेरावी, शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि शनिवार टाळावा. तंबूवाल्यांच्या शेकोट्या व दिवे अल्निटाकपेक्षा अधिक छळतात.