सुताराची कादंबरी : तिसरा भाग कुठवर आला

नांदरगव्हाण एकदाचं उठलं. कागदावर उठलं म्हणा, कारण हे गाव माझ्या वहीबाहेर कुठंच नाही. शेवटची बैलगाडी वेशीबाहेर काढली आणि तिसऱ्या भागाचा कच्चा खर्डा बाजूला ठेवला. आता चौथा भाग, आणि मग खरी मारामारी म्हणजे पुनर्लेखन.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पैठणच्या वरच्या अंगाला, गोदाकाठी एक काल्पनिक गाव. काळ १९४८ ते १९७६. जायकवाडीचं धरण होतं, त्याचा जलाशय नाथसागर भरतो, गाव पाण्याखाली जातं. नायक दगडूबा सुतार आणि त्याची सून गयाबाई.

सुतारच का, हे मला वारंवार विचारलं जातं. धरणाची गोष्ट म्हटली की जमीन गेलेला शेतकरी डोळ्यासमोर येतो. त्याच्यावर पुष्कळांनी लिहिलंय आणि चांगलं लिहिलंय. मला अडकवलं ते माळवदानं, म्हणजे मातीच्या सपाट छतानं. आपल्याकडचं जुनं घर बघा: खांब, त्यावर तुळया, त्यावर सर, किलचण, पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. भिंती मातीच्या, त्या जागेवरच सोडायच्या. पण लाकूड कोण सोडणार? सागवानाचा एक सर आजोबानं आणलेला, त्याचा हिशेब घरात अजून सांगतात. म्हणून गाव उठायचं ठरलं की प्रत्येक घराला एकच माणूस लागतो, आणि तोही एकाच वेळी. तेव्हा लक्षात आलं की गावातली सगळी माणसं ज्याच्या दारात येणार आहेत, तो माणूस पाटील नाही, सुतार आहे. कादंबरीला मधोमध उभा राहणारा खांब मिळाला.

दुसरा पेच त्यातूनच निघाला. गाव एका ठिकाणी जात नाही. काही घरं पैठणच्या अंगाला नव्या गावठाणात, काही पार पलीकडे शेवगावच्या अंगाला सोयऱ्यांच्या आधारानं, आणि मधे मैलोगणती पाणी. दगडूबा बलुतेदार. सालभर नांगर, वखर, तिफण दुरुस्त करायची आणि सुगीत खळ्यावर आपलं बलुतं उचलायचं. गाव दोन झालं, सुतार एकच. त्यानं कोणाकडं जायचं? जिथं जाईल तिथं आधीचा सुतार असणारच. मोबदला सातबारावरच्या नावाला मिळतो. खळ्यावरच्या हक्काला कुठल्याच कागदात रकाना नाही. हे सुचलं तेव्हा तिसरा भाग आपोआप चालायला लागला. इतका की दुकान बंद करून शटर खाली ओढलं तरी डोक्यात गाड्या भरणं सुरूच.

आता ज्यावर मला जास्त बोलायचंय ते. बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की एवढी मोठी गोष्ट डोक्यात धरता कशी, आराखडा कसा करता. मी घटनांचा आराखडा करत नाही, जागांचा करते. ही खोड लागली ती महानुभावांच्या 'स्थानपोथी'मुळं. चक्रधरस्वामी जिथं जिथं राहिले, उतरले, त्या जागांची ही नोंद आहे. देऊळ कोणत्या तोंडाचं, दार कुठल्या अंगाला, पटिसाळ म्हणजे ओसरी कुठं. प्रसंग वाचायचे तर 'लीळाचरित्र' आहेच. इथं फक्त जागा. पहिल्यांदा चाळली तेव्हा रुक्ष वाटली होती. नंतर कळलं की ज्यांनी ती लिहिली त्यांना ते दार खरोखर महत्त्वाचं होतं. त्यातून बसलेली, उठलेली, आत गेलेली माणसं त्यांच्या लेखी अजून तिथंच होती.

मग मी नांदरगव्हाणची माझी स्थानपोथी केली. दोनशेपानी वही, एका घराला एक पान. वेशीतून आत आलं की उजव्या हाताला मारुती. पुढं पाटलाचा वाडा, पूर्वेच्या तोंडाचा. वाड्याच्या पाठीला सुताराचं घर, दार उत्तरेला. एवढं लिहिलं आणि थांबले. कारण दगडूबाच्या अंगणातून वाड्याची फक्त मागची भिंत दिसते! वाड्यावर जीप आली, साहेब उतरला, नोटिशा वाचल्या गेल्या, यातलं काही त्याला दिसणार नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या माणसाला बातमी सगळ्यात शेवटी कळणार. तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण या एका दारावर उभं आहे. मी काही 'सुचवलं' नाही, नुसतं दार उत्तरेला ठेवलं.

वहीत आणखी एक रकाना आहे, उंचीचा. जायकवाडीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, हा आकडा मराठवाड्यात दर पावसाळ्यात लोकांच्या तोंडी असतो, पेपरात तर रोज. माझं गाव पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकावर आहे आणि टेकाच्या माथ्यावरच्या तीन-चार घरांना शेवटपर्यंत वाटत राहतं की पाणी आपल्यापर्यंत काही येत नाही. खाली ओढ्याकाठी बौद्धवाडा. तिथं नोटीस पहिली येते आणि पैसा सगळ्यात कमी, कारण नावावर जमीनच नाही. हेही मला वेगळं मांडावं लागलं नाही. उंचीप्रमाणं घरं लावली की कोण आधी उठणार, कोण अडून बसणार, कोण कोणाला हसणार, हे ठरत जातं.

आवाजांचं शिक्षण मात्र एकनाथांकडून घेतलं. पैठणच्या इतक्या जवळची गोष्ट लिहायची आणि भारुडांना वळसा घालायचा, हे कसं जमायचं? भारुडात एक माणूस येतो आणि जोशी होऊन बोलतो, दुसऱ्यात कोणी भुत्या होतो, कोणी वासुदेव. ज्याचा धंदा त्याची भाषा, ज्याची भाषा त्याचं दुःख. माझी प्रकरणंही तशीच वाटली आहेत: एक गयाबाईचं, एक तलाठ्याचं, एक बैलगाडी भाड्यानं देणाऱ्याचं. भारुडातला शेवटचा उपदेश तेवढा घेतला नाही. तो नाथांना शोभतो, मला नाही.

बोलीबद्दल एक नियम केलाय: निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं बोलीत, आणि बोली त्या त्या गावची. लातूरकडचं 'करूलालाव' पैठणच्या माणसाच्या तोंडी घातलं तर आपलाच माणूस पुस्तक मिटतो. (मोबाइलला बोलून लिहायचं असेल तर बोलीची आशा सोडा. 'कामून' (का म्हणून) म्हटलं की त्याला 'सामान' ऐकू येतं.)

खर्ड्यातला एक तुकडा देते, घर उतरवण्याचा:

"मामा, आमचं कधी काढता?"

"तुमचं कामून? नोटीस तरी आली का तुम्हाला?"

"आली न्हाई. पर समदा शेजार गेल्यावर तितं ऱ्हाऊन काय करावं?"

दगडूबानं उत्तर दिलं नाही. तुळईच्या टोकाला पटाशीनं दोन खाचा मारल्या, खांबाच्या डोक्याला दोन मारल्या. दुसऱ्या तुळईला तीन. त्याला आकडे येत नव्हते, खाचा येत होत्या. नव्या जागी दोन खाचांवर दोन खाचा बसल्या की घर आपल्या ओळखीचं होतं. "दार आधी काढा," तो म्हणाला, "जातं राहू द्या. रातीचं दळण व्हायचंय."

दार आधी आणि जातं शेवटी, हे आमच्या आत्याचं देणं. प्रकरण वाचून दाखवत होते तेव्हा ती म्हणाली, "दार सगळ्यात महागाचं, ते आधी सोयऱ्याच्या घरी जाईल. पण खायचं तर रोजच लागतं की गं." एका वाक्यात तिनं मला सामान भरण्याचा क्रम दिला, आणि त्या क्रमावर पुढची बरीच पानं निघाली.

काळाचा हिशेब हे वेगळंच काम. पहिल्या भागात निजामी राजवट आहे, तेव्हा दगडूबाचा बाप इसवी सन मोजत नाही. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं तेव्हा निजामी कालगणनेतला फसली १३५७ चालू होता. रुपयासुद्धा एक नाही, निजामाचा हाली वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. सरहद्दीपलीकडच्या नगर भागात लाकूड विकणाऱ्याला हा फरक रोज भोवतो आणि वर करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं असतंच. जिल्ह्यांचंही तसंच: जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा. १९६५ मधलं पात्र 'जालना जिल्ह्यात' गेलं की गेली विश्वासार्हता. असल्या गोष्टींसाठी मी वहीच्या शेवटी एक 'चालणार नाही' यादी ठेवली आहे. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

तारखांनी मला एक भेटही दिली. धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ ला बसली, लोकार्पण इंदिरा गांधींनी २४ फेब्रुवारी १९७६ ला केलं. या दोन तारखांच्या मधे येतो १९७२ चा दुष्काळ. म्हणजे पाण्यात बुडणार असं ज्या गावाला सांगितलंय, त्या गावच्या बाया गोदावरीच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरतायत. खडी फोडायला जायचं, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खायच्या, पोरांना सुकडी. आणि संध्याकाळी पारावर चर्चा की आपलं घर किती पाण्याखाली जाणार. हे मी रचलं असतं तर कोणीतरी म्हणालं असतं, अति झालं. इतिहासानंच ठेवलंय, म्हणून तसंच ठेवलं, एकही अलंकार न लावता.

दोन गोष्टी मुद्दाम घेतल्या नाहीत. एक, पुराचा प्रसंग. पाणी रात्रीतून लोंढ्यानं आलं आणि माणसं धावली, असं दृश्य मुखपृष्ठाला छान. पण हे मातीचं, जवळपास दहा किलोमीटर लांबीचं धरण. त्याचा फुगवटा हळूहळू चढतो, एका पावसाळ्यात शेत, दुसऱ्यात ओढ्याचा पूल. माझ्या गावात पाण्यापेक्षा सामान जास्त घाई करतं. दुसरी गोष्ट, दुष्काळात पाणी आटतं आणि जुनं देऊळ वर येतं. हे चित्र सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं, आणि म्हणूनच त्याला हात लावला नाही. ते आलं की वाचक हळवा होतो आणि सुताराचं बलुतं विसरतो.

चौथ्या भागात नवं गावठाण आहे. खाचांवर खाचा बसवून घर उभं राहतं, पण दार ठेवायला उत्तर मोकळी नसते, प्लॉट रस्त्याला धरून आखलेले. इथंच एक कडू विनोद आयता मिळतो: प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदाही १९७६ चाच. लोकार्पणाच्या वर्षी कायदा! तलाठ्याचं प्रकरण तिथून सुरू करावं असं आत्ता तरी मनात आहे.

एक गोष्ट टाळता येणार नाही. मी पाथरीकडची. वडिलांच्या शेताला डाव्या कालव्याचं पाणी येतं, म्हणजे माझं शिक्षण नाथसागरानंच केलंय. हे कादंबरीत कुठं बसवायचं ते अजून ठरत नाही. गयाबाईची एक पुतणी कालव्याच्या भागात दिलेली दाखवावी आणि तिच्या हिरव्या उसाशेजारी चुलतीला उभं करावं, हा एक मार्ग. दोघी काय बोलतील ते ऐकू येत नाही, तोवर प्रकरण उघडणार नाही.

तेवढ्यात एक मदत हवी. नव्या गावात दगडूबा पहिली तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, बनवतो, तिचं वर्णन मला हाताला लागेल असं करायचंय. कोणाकडं गोठ्यात जुनी लाकडी तिफण टांगलेली असेल तर चाड्याची (बी सोडतात त्या वाटीची) उंची, दोन फणांमधलं अंतर आणि नळ्यांची लांबी कळवा. फोटो काढलात तर शेजारी टेप ठेवा, आणि फण कुठल्या लाकडाचे आहेत ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारूनच सांगा.